मास्तर होण्याच्या खुळाची थोरवी

बोदवड तालुक्यात पोटापाण्याच्या शहाण्या वाटा काही कमी नाहीत. रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासावर भुसावळ आहे, आणि रेल्वेत एकदा चिकटलेला माणूस निवृत्तीपर्यंत निघत नाही. वाटेत वरणगावची आयुध निर्माणी आहे, दीपनगरचे वीजकेंद्र आहे. पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्याने धावणारी पोरे आहेत. त्यांतली दोन-चार लागतातही. यातले काहीच जमले नाही तर कृषी सेवा केंद्र टाकता येते. कोरडवाहू कापसाच्या मुलखात बियाणे पेरणाऱ्यापेक्षा विकणारा नेहमी सुखी असतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळते. आणि अगदीच अंगात काही नसेल तर प्लॉट पाडता येतात.

अशा तालुक्यात वसतिगृहात राहून शिकणाऱ्या पोरांना विचारावे, ‘मोठेपणी काय होणार?’ तर वर्गातली बरीचशी बोटे एकाच उत्तराला वर जातात. ‘मास्तर.’ पोरी म्हणतात, ‘मॅडम.’

यावर हळहळण्याची पद्धत आहे. ‘अरेरे, यांना जगाची माहिती नाही, यांना कुणीतरी मार्गदर्शन करा’ असे म्हणतात. मला ते पटत नाही. राज्याचा एवढा मोठा संसार ज्या खुळावर चालला आहे, त्या खुळाला नावे ठेवणे हा कृतघ्नपणा आहे. श्रीमंत देशांकडे पाहा. तिथे मास्तरला बऱ्यापैकी पगार मिळतो, पण २०१५ च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांच्या शंभर मुलांपैकी जेमतेम चौघांनी शिक्षक व्हायची इच्छा सांगितली. तिकडची सरकारे त्यामुळे चिंतेत असतात, समित्या नेमतात. आपल्याला समितीची गरजच नाही. आपल्याकडे हे पीक कोरडवाहू येते.

त्यातही वसतिगृहातल्या पोराचे खूळ अधिक शुद्ध मानले पाहिजे. घरी राहणाऱ्या पोराला मास्तर अकरा ते पाच दिसतो. इस्त्रीचा शर्ट, हातात खडू. त्याची फसगत झाली तर समजू शकते. पण वसतिगृहातल्या पोराला मास्तर पहाटे बनियनवर दिसतो. अधीक्षक म्हणून तोच रात्री हजेरी घेतो, पांघरुणे मोजतो, खरजेची साथ आली की तीस पोरांना रांगेत उभे करून मलम लावतो. टँकर आला नाही म्हणून तो फोनवर कुणाला ‘साहेब, साहेब’ करतो, आणि बिल मंजूर झाले नाही म्हणून किराणा दुकानदाराला ‘भाऊ, भाऊ’ करतो. हे सगळे त्या पोराने आठवड्याचे सातही दिवस पाहिलेले असते. मिठाईवाल्याच्या पोराला जिलबी जात नाही म्हणतात. इथे मात्र पोरगा आतल्या भटारखान्यात वाढतो आणि बाहेर येऊन म्हणतो, मला हेच पाहिजे. असे जातिवंत खूळ पैसे देऊन मिळणार नाही.

मागे एका वसतिगृहात मला करिअर मार्गदर्शनासाठी बोलावले होते. (ज्याला स्वतःचे करिअर म्हणून दाखवता येत नाही, त्यालाच आपल्याकडे या कामाला बोलावतात, कारण तो रिकामा सापडतो.) मी रेल्वे सांगितली, आयटीआय सांगितले, नर्सिंग सांगितले. पोरांनी शांतपणे ऐकून घेतले आणि शेवटी बोटे वर केली ती मास्तरकीलाच. तेव्हा मी कारणे विचारली.

एक पोरगा उठला. त्याचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ते उन्हाळा लागल्यावर परत येतात. तो म्हणाला, “सर एकाच गावात राह्यतात.” मला एकदम ऑनलाइन बदल्या आठवल्या, संचमान्यता आठवली. पट घसरला की अतिरिक्त ठरलेला शिक्षक समायोजनात कुठल्या कुठे जाऊन पडतो, तेही आठवले. पण मार्गदर्शकाने विद्यार्थ्याचा उत्साह घालवू नये, म्हणून मी मान डोलावली.

एक पोरगी म्हणाली, “मॅडमला पगारासाठी कोणाच्या दारात उभं राहावं लागत नाही.” हे बरोबरच आहे. विनाअनुदानित शाळेत पंधरा-पंधरा वर्षे काढलेले कितीतरी शिक्षक आहेत, त्यांनाही पगारासाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागलेले नाही. ते सगळे मिळून थेट आझाद मैदानावर बसतात.

तिसऱ्याने प्रामाणिकपणे सांगितले, “पोरांले मारता येतं.” त्याला मी समजावले की बाबा, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने तेवढा एक भत्ताही बंद केला आहे. तो खट्टू झाला, पण बोट खाली केले नाही.

मागच्या रांगेतला एक बारका पोरगा बराच वेळ काही बोलत नव्हता. त्याला डिवचले तेव्हा म्हणाला, “मले मास्तर व्हायचं हाये. सर आम्हाले लई बोलतात, पण दुसऱ्या दिशी येतातच.” करिअरच्या दृष्टीने याला कारण म्हणता येत नाही, म्हणून मी ते टिपून घेतले नाही.

आता या पोरांनी निवडलेली वाट कशी आहे ते पाहू. समजा, यातला दहावीचा पोरगा बारावी होऊन डी.एल.एड.ला गेला. यालाच पूर्वी डी.एड. म्हणत, आणि वीस-बावीस वर्षांपूर्वी डी.एड.ला नंबर लागला की खान्देशात त्याच आठवड्यात मुलीकडचे बघायला येत. पुढे गल्लोगल्ली डी.एड. कॉलेजे निघाली, मग नोकऱ्या आटल्या आणि कॉलेजांच्या इमारती उरल्या. तर हा दोन वर्षांची पदविका घेईल. पण नव्या शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी हीच किमान पात्रता करायचे ठरवले आहे. म्हणजे पोरगा पदविका घेऊन बाहेर पडेल तेव्हा पदविकेचे दिवस भरत आलेले असतील. बी.एड. करावे म्हटले तर ते आधी एका वर्षाचे होते, २०१५ पासून दोन वर्षांचे झाले, आणि आता पुन्हा एका वर्षाचे करण्याचे चालले आहे. शिकवायला किती दिवसांत शिकता येते हे ठरेपर्यंत पोराने धीर धरावा.

मग टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. राज्यात पहिली टीईटी १५ डिसेंबर २०१३ ला झाली. शंभरातले पाच पास झाले की निकाल बरा लागला म्हणायची यात रीत आहे. ही परीक्षा इतकी अवघड की काही लोकांना तिच्यात उत्तरे लिहिण्यापेक्षा पैसे देणे सोपे वाटले. २०१९ च्या टीईटीत साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांचे गुण वाढवून दिल्याचे पुणे पोलिसांच्या तपासात पुढे आले. मला यात वाईटापेक्षा चांगले अधिक दिसते. मास्तर होण्यासाठी लाखांनी पैसे मोजणारी माणसे ज्या राज्यात आहेत, तिथे मास्तरकीला प्रतिष्ठा उरली नाही असे कोण म्हणेल?

टीईटी झाली की अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, म्हणजे टेट. पहिली झाली २०१७ च्या डिसेंबरात, दुसरी २०२३ च्या फेब्रुवारीत. मधली पाच वर्षे उमेदवारांना बुद्धिमत्ता टिकवून धरायला दिली होती. त्याआधी मे २०१२ मध्ये शिक्षक भरतीवरच बंदी आली होती, तेव्हा टिकवून धरण्याचा सराव पुष्कळांना होताच. मग भरतीचे पवित्र पोर्टल. तिथे नोंदणी, स्वप्रमाणपत्र, प्राधान्यक्रम, बिंदुनामावलीची तपासणी, तिच्यावर आक्षेप, आक्षेपांवर न्यायालय, न्यायालयानंतर आचारसंहिता. एवढ्या काळात उमेदवार जळगावात खोली करून राहतो, अभ्यासिकेत बसतो, आणि भाड्यापुरते एखाद्या इंग्लिश मीडियम शाळेत सहा-सात हजारांवर शिकवतो. म्हणजे जे काम करायला तो अजून पात्र ठरलेला नाही, तेच रोज करतो.

बाहेरच्याला हे जड वाटेल. बोदवडच्या माणसाला वाटत नाही. इथल्या माणसाला उपसा सिंचन योजनेने वाट पाहण्याचे शिक्षण दिले आहे. पाचोरा-जामनेरची छोटी गाडी रुंद होऊन बोदवडला येणार, याची आम्ही आता वाट पाहतो आहोत. घरात नळ आहे आणि त्याला पाणी येण्याचा दिवस आहे, पण हे दोन्ही एकत्र येण्याची वाट पाहणे हा इथला नित्यनेम आहे. अशा पाण्यावर वाढलेल्या पोराला पवित्र पोर्टल काय घाबरवणार? निवड यादी लागली नाही तर तो शनिवारी शिरसाळ्याच्या मारुतीला जाऊन येतो. त्या मारुतीने स्वतःच्या डोक्यावर छप्पर घेतलेले नाही. नोकरी नसलेल्या माणसाचे म्हणणे तो समजून घेत असावा.

आणि एक दिवस नेमणूक होतेच. होते ती शिक्षक म्हणून नव्हे, शिक्षण सेवक म्हणून, तीन वर्षांसाठी. मानधन पूर्वी सहा हजार होते. ते २०२३ मध्ये प्राथमिकला सोळा हजार केले. त्याच वर्षी जुलैमध्ये शासनाने असेही ठरवले की भरती होईपर्यंत रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षक घ्यावेत, महिना वीस हजारांवर. म्हणजे पेन्शन घेणाऱ्या आबांना वीस आणि टीईटी, टेट, पोर्टल पार करून आलेल्या पोराला सोळा. यात अन्याय शोधणाऱ्यांना हिशोब कळत नाही. आबांना शिकवायची इच्छा उरलेली नसते, ती विकत घ्यावी लागते. पोराकडे ती वसतिगृहातूनच भरपूर आलेली असते. तेवढी वजावट होणारच.

पुढच्या वर्षी, ५ सप्टेंबर २०२४ ला, कमी पटाच्या शाळांत महिना पंधरा हजार मानधनावर कंत्राटी शिक्षक नेमण्याचा शासन निर्णय निघाला. ५ सप्टेंबर हा शिक्षक दिन. इतर राज्ये त्या दिवशी शाल-श्रीफळ देतात. आपण नुसत्या शालीवर न थांबता थेट धोरण दिले. तो निर्णय पुढे रद्द झाला, पण मुहूर्त काढणाऱ्याचे कौतुक राहूनच गेले. आश्रमशाळांच्या बाबतीत तर आदिवासी विकास विभागाने आणखी सुटसुटीत विचार केला: शिक्षक बाह्यस्रोतातून घ्यावेत, म्हणजे ठेकेदाराकडून. त्यावर २०२५ च्या पावसाळ्यात आश्रमशाळांमधले रोजंदारी शिक्षक आणि कर्मचारी नाशिकला आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड घेऊन बसले. सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल-चोपड्याकडे, आश्रमशाळांतली पोरे आहेत. त्यांनी ही बातमी ऐकली असेल तर त्यांना नवल वाटले नसेल. बिऱ्हाड उचलून दुसऱ्या गावी जाऊन बसणे हे त्यांच्या घरी दरसाल असते. आपले सर आपल्यासारखेच आहेत, एवढे मात्र पक्के झाले असेल.

बरे, नोकरी लागल्यावर शिकवायला मिळते, या भ्रमात राहू नये. शिकवणे हा या नोकरीतला जोडधंदा आहे. मुख्य कामे निराळी: मतदार याद्या, यू-डायस, आधार दुरुस्ती, अपार आयडी, आणि दिवसाची सुरुवात तांदूळ मोजण्याने. नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरले की मुलांना आठवड्यातून एकदा अंडे द्यावे, अंडे न खाणाऱ्याला केळे. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्याला बरे वाटले. मास्तरांनी पोरांची अंडेवाले आणि केळेवाले अशी यादी केली. दर आठवड्याला अंडेवाल्यांची आणि केळेवाल्यांची संख्या का बदलते, याचा खुलासाही केला. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांचा वेगळा निधी थांबला आणि लोकसहभागातून करा असे सांगण्यात आले. लोकसहभाग म्हणजे काय, ते कोणत्याही मास्तरच्या बायकोला विचारावे.

त्याच्याही आधी, हागणदारीमुक्तीच्या दिवसांत, काही जिल्ह्यांत शिक्षकांना गुड मॉर्निंग पथकात घातले होते. एम.ए. बी.एड. झालेली माणसे पहाटे शिट्टी घेऊन गावाबाहेर उभी. समाजाशी शिक्षकाची नाळ जुळलेली असावी असे शिक्षणशास्त्रात म्हणतात. इतकी जवळून जुळलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. आणि गावाने मास्तरला ओळखावे म्हणून २०२२ मध्ये ‘आपले गुरुजी’ नावाने प्रत्येक वर्गात शिक्षकाचा फोटो लावण्याचा आदेश निघाला. वर्षाचे निम्मे दिवस सर्वेक्षणाला आणि प्रशिक्षणाला गेलेला मास्तर निदान भिंतीवर तरी हजर असावा, ही त्यामागची माया.

एवढ्यावर नोकरी कायम होते. कायम म्हणजे तरी किती? १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या, आधीच नोकरीत असलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हावे. वीस-पंचवीस वर्षे शिकवून झालेले गुरुजी आता रात्री बालमानसशास्त्राची गाइडे वाचतात. घरात बाप आणि मुलगी एकाच परीक्षेला बसण्याचा योग त्यामुळे येऊ शकेल. वसतिगृहातल्या पोरांनाही फायदा झाला: पूर्वी अधीक्षक रात्री बॅटरी घेऊन अभ्यास तपासायला यायचे, आता ते स्वतःच अभ्यासाला बसतात.

या खुळाचे मूळ शोधायला लांब जावे लागत नाही. ते अमळनेरात सापडते. पांडुरंग सदाशिव साने नावाचे कोकणातले गृहस्थ तिथल्या तत्त्वज्ञान मंदिरात आले होते. तत्त्वज्ञान करत बसले असते तर कुणाला त्रास नव्हता. पण १९२४ मध्ये ते प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि पुढे छात्रालयही त्यांच्याकडे आले. तिथे त्यांनी जे काही केले त्याला सेवाशर्तींत कुठेच आधार सापडत नाही. पोरांच्या खोल्या झाडल्या, कपडे धुतले, आजाऱ्याच्या उशाशी बसले. वर रोज हाताने लिहून ‘छात्रालय’ नावाचे दैनिक काढले. छापायला नाही, विकायला नाही, वसतिगृहातल्या पोरांनी वाचावे म्हणून. एका माणसाने रोज एक वर्तमानपत्र हाताने लिहायचे, आणि वाचक कोण, तर ज्यांना सकाळी दात घासायची आठवण करावी लागते ते. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहासाठी नोकरी सोडली. जेमतेम सहा वर्षांची सेवा. टीईटी नाही, शालार्थ आयडी नाही, बारा वर्षांनंतरचे वरिष्ठ वेतनश्रेणीचे प्रशिक्षण नाही, पेन्शनचा प्रश्नच नाही. आजच्या कुठल्याही तपासणीत हे प्रकरण त्रुटीत निघाले असते. पण खान्देशात आजही मास्तरला ‘गुरुजी’ म्हटले की समोर हेच प्रकरण उभे राहते, आणि मग धाकट्या पोरांच्या डोक्यात नको ते शिरते. शंभर वर्षांपूर्वी अमळनेरच्या एका वसतिगृहात जी लागण झाली, ती बोदवडच्या वसतिगृहापर्यंत अजून पसरते आहे.

घरची माणसे समजावून पाहतात. प्रत्येक अशा पोराला एक मामा असतो आणि तो रेल्वेत असतो. मामा म्हणतो, “भाच्या, ग्रुप डीचा फॉर्म भर. मास्तरकीत काय ठेवलं आहे?” भाचा फॉर्म भरतो, परीक्षेला जातो. केंद्र असते एखादी शाळा. बाकावर बसल्यावर तो पर्यवेक्षकाकडे पाहत राहतो, कारण पर्यवेक्षक मास्तर असतो.

तेव्हा माझी शासनाला विनंती एवढीच की या खुळात कुणी हात घालू नये. समुपदेशन करू नये. पगार एकदम वाढवू नये, वाढवला तर शहाणी माणसे या धंद्यात शिरतील आणि ती तांदूळ मोजणार नाहीत. भरती वेळेवर करू नये; वेळेवर केल्यास वाट पाहण्याची परीक्षा होणार नाही आणि कच्चे खूळही आत येईल. वसतिगृहांची दुरुस्ती मात्र अधूनमधून करावी, कारण हे वाण तिथेच तयार होते आणि भिंत पडल्यास पुरवठा खंडित होईल.

फेब्रुवारी २०२७ मध्ये जनगणना आहे. प्रगणक म्हणून अर्थातच मास्तर फिरतील. बोदवडच्या एखाद्या गल्लीत एखादा नवा शिक्षण सेवक दार वाजवील. आतून त्याच्याच वसतिगृहात त्याच्या दोन वर्षे मागे असलेला पोरगा बाहेर येईल. आधी चहा होईल, जुन्या सरांची चौकशी होईल, मग प्रश्न.

“काम काय करतोस?”

“शिक्षक.”

“कोणत्या शाळेत?”

“अजून नाही.”

मग दोघे मिळून कोड शोधत बसतील.